धमाका येणार आहे

त्या डब्याचं नाव धमाका. अजून बाजारात आलेला नव्हता, कुणी हातात धरलेला नव्हता, धड बघितलेलासुद्धा नव्हता, तरी अख्ख्या डोंबिवलीत त्याचीच बोंब. व्हिडिओ गेम म्हणे. टीव्हीला वायर जोडायची, हातात बटणांची पट्टी धरायची आणि पडद्यावरच्या बाहुल्याला उड्या मारायला लावायच्या. बाहेरून येणारा डबा चार हजारांना, आणि हा येणार नऊशे नव्व्याण्णवला. दिवाळीत. जो तो विचारायचा, कधी, कधी, कधी? मला त्या नावानेच डोकं उठायचं.

कारण तो डबा आमच्या कंपनीत व्हायचा होता. आम्हा चौदा बायकांच्या हातून.

मी मनुबाई. राहायला ठाण्याला कोळीवाड्यात, कामाला डोंबिवलीच्या एमआयडीसीत. सोळा वर्षं एकाच बाकावर बसून सोल्डरिंग केलं. आमची कंपनी बूस्टर बनवायची. गच्चीवरच्या अँटेनाला लावायचा तो चपटा डबा, टीव्हीतल्या मुंग्या घालवणारा. एका बूस्टरला बासष्ट टाके. सोल्डरच्या एका ठिपक्याला आम्ही टाका म्हणतो. माझा टाका कधी सुटला नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. मग केबल आली. घराघरांत काळी वायर गेली आणि अँटेना कावळ्यांना बसायला राहिले. तीस जणींच्या, सुपरवायझर धरून, चौदा उरलो. त्याही अर्धा दिवस बसून काय करायच्या, तर घरून आणलेले तांदूळ निवडायच्या. कंपनीच्या बाकावर! मी म्हणायचे, बायांनो, आता चूलच मांडा इथे, म्हणजे घरी जायला नको.

गणपतीत आमच्या गोपीनाथशेठनी सगळ्यांना उभं केलं आणि जाहीर केलं, आता आपण व्हिडिओ गेम काढणार. गरिबाला परवडेल असा. टाळ्या काय वाजल्या म्हणता! मी नाही वाजवल्या. सोळा वर्षांत शेठनी दोनदा कँटीन जाहीर केलं होतं आणि एकदा बस. अजून मी ठेसनापासून पायी जाते.

पण बाकीच्यांना जी हवा लागली, ती काही विचारू नका. जेवणाची सुट्टी झाली की पिशवीतून आधी भाकरी निघायची नाही, धमाका निघायचा. एक म्हणाली, बंदूक फुकट आहे, टीव्हीवर नेम धरला की बदक पडतं. दुसरी म्हणाली, आत नव्व्याण्णव खेळ भरलेत. तिसरी म्हणे, खेळ कसला, त्याला टाइपरायटरसारखी पट्टी लावली की कॉम्प्युटर होतो, पोरं इंजिनियर होतील. हौसाबाई, जिच्या घरी टीव्हीच नव्हता, ती मला सांगायला आली की त्याने टीव्हीची पिक्चर ट्यूब जळते, तेव्हा जरा जपून. मी म्हटलं, हौसाबाई, तू कशाला काळजी करतेस, तुझी कुठली ट्यूब जळणार? तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नव्हती. नाही तर नाही!

घरी तरी शांतता? आमचा परशुराम, म्हणजे माझा नवरा, त्याची वागळे इस्टेटची कंपनी बंद पडल्यापासून दिवसभर मोकळा. नवरात्रात टेंभी नाक्याला देवीच्या रांगेत उभं राहून याने मागच्या-पुढच्यांना सांगितलं, धमाका आमची मंडळी बनवते. झालं! दुसऱ्या दिवसापासून कोळीवाड्यातली बाप्येमाणसं माझी वाट अडवायला लागली. वहिनी, आमचा एक बाजूला ठेवा हां. अरे, ठेवू कुठून, माझ्या पदरात बांधून आणू? सासू आवडाबाई बाजारात मासळी विकते, ती दारात पाय पसरून विचारायची, "काय गो, आला का तुझा खेल? नाय आला तर माझ्या बाजूला जागा हाय. दुसरी पाटी आणून ठेवलीय मी."

तिने ती खरंच आणून ठेवली होती. मोरीच्या बाजूला, नवीकोरी. पाटीला मी नाक मुरडत नाही. माझी आई त्याच पाटीवर जगली. पण लग्न होऊन आले तेव्हा आवडाबाई म्हणाली होती, "हिच्या हातात कोयता बसत नाय, ही काय कामाची?" आणि मी कंपनी धरून दाखवली होती. आता पंचेचाळिसाव्या वर्षी तिच्या बाजूला जाऊन बसायचं म्हणजे सोळा वर्षं तिच्या पायावर वाहायची. मेले तरी नाही. मी धमाक्याला शिव्या घालायचे, त्याचं कारणही तेच. तो मला हवा होता. हवा असलेल्या गोष्टीवर भरवसा ठेवायची मला भीती वाटते, म्हणून मी आधी शिव्या घालते. माझा स्वभाव आहे, कुणाला आवडो न आवडो.

आमच्यात एकच जण अशी होती, जिच्यापुढे खरोखरचे दोन रस्ते होते. जनाबाई. कल्याणची, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात ती आणि तिची थकलेली सासू, मिळवणारं दुसरं कुणी नाही. तिच्या नवऱ्याच्या ओळखीचा एक माणूस अंबरनाथला औषधाच्या कंपनीत मोठ्या जागेवर होता. त्याने शब्द टाकून तिच्यासाठी पॅकिंगमध्ये जागा मिळवली. सहा महिन्यांनी पर्मनंट. पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळी दहाच्या आत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसरीला. त्या माणसाने वर तोंडी सांगितलं होतं, वहिनी, तुमच्या या वयात पुन्हा जागा मिळवून देणं मला जमणार नाही.

ते पत्र ती ब्लाउजमध्ये ठेवायची आणि दिवसातून दहा वेळा काढायची.

"मनू, काय करू गं?"

"जा. विचारतेस काय?"

"पण मॅडम म्हणतात, एका धमाक्याला चारशे टाके आहेत. चौदा जणी पुरणार नाहीत म्हणे, अजून वीस घ्याव्या लागतील. जुन्यांना पहिला मान. सोळा वर्षं इथं काढली आणि आता कुठं औषधाच्या बाटल्या भरायला जाऊ?"

"मॅडमना काय जातं सांगायला! डबा गेला खड्ड्यात. तू जा. माझ्या नावाचं पत्र असतं ना, तर मी एव्हाना चपला घातल्या असत्या."

मॅडम म्हणजे प्रमोदिनी. आमची सुपरवायझर. वय तिशीचं, डिप्लोमा केलेली, राहायची डोंबिवलीतच. ती मला "मनुबाई, तुम्ही" म्हणायची आणि मी तिला "मॅडम, तुम्ही" म्हणायचे, आणि दोघींच्याही मनात दुसरीला काय म्हणायचं ते दोघींना ठाऊक होतं. हातात पॅड घेऊन ती बाकांमधून फिरायची. कोण कुठे बसणार, कुणाला कुठला भाग, याची तिने यादी केली होती. मधल्या सुट्टीत बायका तिला घेरून बसायच्या. मॅडम, आत किती पार्ट असतील? मॅडम, चिप आपणच लावणार का? आणि ही बाई एकेकीला समजावून सांगायची, अगदी आत जाऊन बघून आल्यासारखी. मी एकदा मोठ्याने विचारलं, "मॅडम, आम्हाला एकदा उघडून दाखवा की! चारशे टाके आम्ही पण बघू."

"डिझाइन गुप्त आहे, मनुबाई."

"गुप्त? आम्हीच बनवणार आणि आमच्यापासून गुप्त?"

तिने पॅडवर काहीतरी लिहिलं आणि पुढे गेली. शेठच्या कपाटात धमाक्याचा एकच नमुना होता. त्याच्या खालच्या स्क्रूंवर कागदी सील चिकटवलेलं. शनिवारी अकरा वाजता तोच नमुना बघायला व्यापारी येणार होते, कल्याणचे, नाशिकचे, पुण्याचे. त्यांनी ऑर्डर दिली तर धमाका, नाहीतर ठणठणपाळ. सगळ्यांचं लक्ष शनिवारकडे. जनाबाईचा शनिवारही तोच. सकाळी दहाला अंबरनाथ, नाहीतर अकराला इथे. दोन्हीकडे एकटं माणूस कसं जाणार?

गुरुवारी खंडेनवमी. आमच्याकडे दरवर्षी त्या दिवशी हत्यारांची पूजा व्हायची. इस्त्र्या, म्हणजे सोल्डरिंगच्या, पक्कड, कटर, सगळं घासूनपुसून टेबलावर मांडायचं. हळदकुंकू, झेंडूची फुलं, नारळ, पेढे. कामाच्या वस्तूला वर्षातून एकदा हात जोडायचे. यात मी कधी कमी पडले नाही. त्या वर्षी शेठचा निरोप आला की मधल्या जागी धमाका ठेवा, त्याची पहिली पूजा झाली पाहिजे. शेठ स्वतः कल्याणला व्यापाऱ्यांची उतरायची सोय बघायला गेलेले.

प्रमोदिनीने तो लाल कापडावर आणून ठेवला. पांढरा, जाडजूड, वरती कॅसेट घालायची खाच. पहिल्यांदा सगळ्यांनी जवळून बघितला. खोटं कशाला बोलू, मलाही आत कुठेतरी बरं वाटलं. वजनदार वाटत होता. यात चारशे टाके असतील, असं माझ्यासुद्धा मनात येऊन गेलं.

"लांबून हं," प्रमोदिनी म्हणाली, "थोडंसंच लावायचं."

थोडंसं! ज्या डब्यावर चौदा घरांचं पोट, त्याला बायका थोडंसं लावतील? हळद कालवून आणलेली. एकेकीने बोटं बुडवून लावली. कुंकू, अक्षता, वर फुलाने पाणी शिंपडलेलं. हौसाबाईने तर कॅसेटच्या खाचेच्या दोन्ही बाजूंना स्वस्तिक काढलं. जनाबाईने डोकं टेकवलं आणि इतका वेळ वर उचललंच नाही की मागच्या बाया खाकरायला लागल्या.

नारळ फोडायचा मान माझा. दरवर्षी मीच फोडायचे, एका फटक्यात. मी नारळ हातात घेतला तोच प्रमोदिनी म्हणाली, "मनुबाई, जरा सांभाळून. हा काही तुमचा मासळीबाजार नाही."

दोघी-तिघी फिसकन हसल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लांब जाऊन फोडायचा तो मी तिथल्या तिथे, टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटला, सगळा जोर लावून. नारळाची दोन शकलं झाली आणि पाणी सरळ धमाक्यावर. कुंकवाचा लाल ओघळ झाला आणि मेला बरोबर त्या खाचेतून आत गेला.

प्रमोदिनीने पदराने पुसलं, धावत जाऊन टीव्हीला जोडला, बटण दाबलं. पडद्यावर आडव्या रेघा. वर सरकायच्या, खाली सरकायच्या. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा रेघा.

"केलंस ना!" हौसाबाईचा आवाज फुटला. "पहिल्यापासून तुझ्या डोळ्यात खुपत होता तो. आता झालं समाधान?"

"मी मुद्दाम केलं का गं?"

"मग? आमच्या पोटावर पाय दिलास तू, मनुबाई!"

सगळ्यांचे डोळे माझ्यावर. जनाबाई तेवढी डब्याकडे बघत होती आणि तिचा हात ब्लाउजमधल्या पत्रावर गेलेला. मी हात धुतले, माझा पेचकस घेतला आणि म्हटलं, "बाजूला व्हा. पाणीच गेलंय ना? उघडते, स्पिरिटने पुसते, वाळवते. शंभर बूस्टर असे वाचवलेत."

"उघडायचा नाही," प्रमोदिनी म्हणाली.

"मग परवा व्यापाऱ्यांना काय दाखवणार? रेघा?"

ती डबा उचलून टेस्टिंगच्या खोलीत गेली, मला आत घेतलं आणि कडी लावली. बाहेर कुणीतरी म्हणालं, आधी प्रसाद वाटून टाका, तोंड गोड करा, होईल नीट. माझ्या जिवात जीव आला.

सील फाडलं. चार स्क्रू काढले. झाकण उचललं.

आत काही नव्हतं.

म्हणजे होतं, पण काय होतं! एवढा जाडजूड डबा, आणि मधोमध माझ्या तळहाताएवढा हिरवा पत्रा, ज्यावर पार्ट बसवतात तो. त्यावर डांबराचा पडावा तसा काळा कुळकुळीत ठिपका, आणि त्यातच सगळं. चिप दिसत नाही, तिचे पाय दिसत नाहीत, टाका द्यायला जागाच नाही. कडेला सात-आठ वायरी, त्याही कुठूनतरी लावूनच आलेल्या. आणि डब्याच्या तळाला लोखंडाची एक जाड पट्टी डिंकाने चिकटवलेली. ती कशाला जोडलेलीच नव्हती. मला आधी कळेना, हिचं काम काय? मग कळलं. वजन. गिऱ्हाइकाला हातात घेतल्यावर जड लागावा म्हणून.

मी टाके मोजले. एकोणीस.

"चारशे कुठेत?" मी विचारलं.

प्रमोदिनी स्टुलावर बसली. तिला काही नवल वाटलेलं दिसत नव्हतं आणि तेच बघून मी पेटले.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"हळू बोला."

"का हळू बोलू? बाहेर बारा बाया तुमच्या भरवशावर बसल्यात. ती जनाबाई हातातली नोकरी सोडायला निघालीय. तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही यादी करत फिरत होता? कोण कुठे बसणार म्हणे! कुठे बसणार आहे कोण? स्मशानात?"

"मनुबाई, पत्रा तैवानवरून तयार येतो," ती म्हणाली. "म्हणून तर नऊशे नव्व्याण्णवला परवडतो. त्यात हाताचं काम नाहीच. इथे फक्त झाकण लावायचं, टीव्हीवर चालतो का बघायचं आणि खोक्यात भरायचं. दोन माणसांचं काम आहे."

"दोन?"

"दोन. एक मी. दुसरी कोण, ते शेठ मला विचारणार आहेत."

मी स्पिरिटची बाटली पुढे ओढली.

"शनिवारी व्यापाऱ्यांना भरलेली शेड दिसली पाहिजे," ती पुढे बोलत होती, माझ्याकडे न बघता, पॅडच्या कडेचा कागद सोलत. "बाकांवर बायका, हातात इस्त्र्या. नुसता एक डबा बघून कोण ऑर्डर देतं? बाहेरचा माल इथे नुसता भरतात, असा वास आला तर ते स्वतःच तैवानला फोन लावतील. मग तुम्हीही नाही आणि मीही नाही. शनिवारपर्यंत एकही बाई जाता कामा नये. नंतर शेठ सांगतील काय सांगायचं ते. माझ्या घरी तरी काय ठेवा ठेवलाय हो? मला तरी कोण बसवून पोसणार आहे?"

मी स्पिरिटमध्ये ब्रश बुडवला. पुसायला घेतलं. हळद निघाली, कुंकू निघालं, नारळाचं पाणी चिकट झालेलं तेही निघालं. हात आपले काम करत होते. डोक्यात मोरीजवळची ती पाटी. आवडाबाईचं तोंड. दोनातली दुसरी. चौदा जणींतून दोन, आणि त्यातली एक जागा माझ्यासमोर ठेवलेली. घे म्हणत कुणी नव्हतं, नको म्हण असंही कुणी म्हणत नव्हतं.

वाळवून तिथल्या टीव्हीला जोडला. पडदा निळा झाला, वाजंत्री वाजली, आणि एक बाहुला उभा राहिला. प्रमोदिनीने बटणांची पट्टी माझ्या हातात दिली. मी बटण दाबलं. त्याने उडी मारली. पुन्हा दाबलं, पुन्हा मारली. मेला, दाबेन तेवढ्या वेळा मारत होता.

बाहेर वाजंत्रीचा आवाज गेला आणि बाया ओरडल्या, लागला, लागला! टाळ्या सुरू झाल्या. मी घाईघाईने झाकण घातलं, स्क्रू आवळले. प्रमोदिनीने नवीन सील काढून चिकटवलं. तिच्याकडे तयारच होतं. मग तिने कडी काढली.

दारात जनाबाई. हातात पेढा आणि खोबऱ्याचा तुकडा. तिच्या मागे लांब सगळ्या जणी टीव्हीकडे बघायला माना उंचावत होत्या, पण ही आत आली आणि दार तिने पाठीने लोटलं.

"मनू, तू आत बघितलंस ना?"

"हं."

"मग सांग. मॅडमच्या समोर विचारते, त्यांना राग आला तर येऊ दे. त्या गोड बोलतात, शेठ गोड बोलतात. तू कुणाला गोड बोलत नाहीस. तू मला जा म्हणालीस तेव्हा तू आतलं बघितलं नव्हतंस. आता बघितलंयस." तिने पत्र काढलं. घडीवर फाटायला आलं होतं. "उद्या दसरा, परवा दहाला मला अंबरनाथला उभं राहायचंय. जाऊ की थांबू?"

प्रमोदिनी पॅडवर लिहीत होती. मला वरून दिसत होतं, ती काहीच लिहीत नव्हती, नुसती रेघ ओढत होती.

सोळा वर्षं मी त्या शेडमध्ये बोलत आले. शेठच्या तोंडावर बोलले, मॅडमच्या तोंडावर बोलले. कुणी म्हणायचं, मनूच्या जिभेला हाड नाही. त्या दिवशी मला एकच शब्द बोलायचा होता, एका अक्षराचा. तो आधी मी तिला दहा वेळा सांगितला होता, फुकटचा.

"थांब," मी म्हटलं.

जनाबाईने पेढा माझ्या तोंडात घातला. तिचे डोळे भरून आलेले. बाहेर जाऊन तिने ओरडून सांगितलं, "अगं, मनूच म्हणाली! मनूच म्हणाली थांब!" त्यानंतर ज्या टाळ्या झाल्या, त्या मघाच्या टाळ्यांहून मोठ्या होत्या. हौसाबाई येऊन माझ्या पाया पडली. मेलीला लाज नाही, मला शिव्या देऊन अर्धा तास झाला नव्हता.

शनिवारी जनाबाई साडेआठलाच आली. नवं लुगडं नेसलेली, दसऱ्याचं. प्रमोदिनीने तिला पहिल्या बाकावर बसवलं. आम्हाला सगळ्यांना जुने बूस्टरचे पत्रे दिले होते, कामात दिसायला. दहा वाजले तेव्हा मी घड्याळाकडे बघितलं नाही, पण मला कळलं. अकराला व्यापारी आले. बाकांमधून फिरले. एक जण जनाबाईपाशी थांबला आणि म्हणाला, "या वयात एवढा बारीक टाका! वा, मावशी!" ती चष्मा सावरून हसली आणि पुन्हा खाली वाकली. त्या पत्र्यावर आधीच सगळे टाके दिलेले होते. ती त्याच टाक्यांवर पुन्हा सोल्डर मारत होती.

ऑर्डर मिळाली. दिवाळीच्या आधी आठ दिवस शेठनी बारा जणींना हिशेब देऊन टाकला. खोकी येऊन पडली होती, कोळीवाड्यातले बाप्ये खूश, परशुरामाची कॉलर ताठ. धमाका हातोहात गेला. सासूने पाटी भाचीला देऊन टाकली.

बारा जणी तीन दिवस फाटकाबाहेर उभ्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेले तेव्हा हौसाबाईने मला हाताला धरून थांबवलं. "ही आत कशी राहिली गं?" ती बाकीच्यांना ओरडून विचारत होती. "आम्ही बाहेर आणि ही आत? हिने उघडून बघितलं होतं ना? हिला ठाऊक होतं! बोल की गं, आता कुठे गेली तुझी जीभ?"

मी काही बोलायच्या आत जनाबाई मध्ये आली. तिने हौसाबाईचा हात माझ्या हातावरून सोडवला. अंबरनाथची जागा भरून पंधरा दिवस होत आले होते. ती तिकडे जाऊन विचारून आली होती, एवढं मला कुणीतरी सांगितलेलं.

"सोड तिला," जनाबाई म्हणाली. "तिला ठाऊक असतं तर ती गप्प बसली असती होय? मनू आहे ती."

आणि तिने माझ्यासाठी फाटक उघडून धरलं.